आज मासा वर नाही

"वर येतोय हो! छतावर येतोय!"

जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून सखीदादनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हाक दिली आणि ते थांबले. काबूलमधल्या आमच्या चिंदावलमध्ये घरं टेकडीला अशी बिलगून बसली आहेत, की एकाचं छत ते दुसऱ्याचं अंगण. आणि छत बायकांचं. तिथे धुणं वाळतं, टोमॅटो वाळतात, न्हालेले केसही वाळतात. पुरुषमाणसाला वर यायचं असेल, मग ते बर्फ लोटायला असो की छताची माती लिंपायला, त्याने आधी हाक द्यायची, खाली थोडा वेळ खोळंबायचं आणि मगच डोकं वर काढायचं. न सांगता वर आलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी चांगलं म्हणत नाही.

मी वरच होते, धुणं पसरत. शेजारच्या छतावर हाजी कुर्बानची बायको गुलअंदाम सतरंजी झटकत होती. हाक ऐकून तिने डोक्यावरची चादर सावरली आणि खालच्या दिशेने ओरडली, "या भाऊ, या! तुमचा मासा वाट बघून सुकला!"

मग तिने स्वतःच टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला मान वर केली आणि तिचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

तिथे काही नव्हतं. नुसतं निळं आकाश.

मासा म्हणजे तो पांढरा फुगा. परदेशी फौजेचा. जाड दोराने जमिनीला बांधलेला, पोटाखाली कॅमेरे लावलेला, सबंध काबूलवर डोळा ठेवून असलेला. पोरांनी त्याला मासा म्हणायला सुरुवात केली आणि मग म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी तेच बसलं. आमची शकीला शाळेत जायला लागली त्या सुमाराला तो पहिल्यांदा वर चढला. ती पहिल्या दिवशी तोंड उघडं टाकून बघत राहिली होती. मी मात्र दोरीवरचे माझे कपडे घाईघाईने गोळा केले होते. उन्हाळ्यात आम्ही छतावर झोपायचो, ते त्या वर्षापासून बंद झालं. गुलअंदामचं म्हणणं, तो चादरीच्या आतलंही बघतो. मी म्हणायचे, काही का बघेना, पण एवढा मोठा डोळा घेऊन वर आला आणि एका शब्दाने हाक म्हणून दिली नाही. माझा त्याच्यावरचा राग तिथून सुरू झाला आणि कधी उतरला नाही.

आणि माझ्याच घरात, त्या माशाशिवाय ज्याच्या घशाखाली चहा उतरत नाही असा माणूस होता.

सखीदाद वर आले. कॅमेरा गळ्यात. नेहमीच्या कोपऱ्यात, पन्हळीजवळच्या फुटक्या विटेवर पाय ठेवून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला.

"वारा नाही," ते म्हणाले.

"नाही."

"धूळ पण नाही."

"नाही."

"मग उतरवला का?"

"मला काय विचारता? मी ओढला खाली? मी तर कधीची टपून होते, आज कात्री सापडली!"

ते हसले नाहीत. माझ्या ओल्या चादरीकडे बघत राहिले. ती दोरीवर सरळ लोंबत होती, जरासुद्धा हलत नव्हती. वारा सुटला, धुळीचं वादळ आलं, की मासा खाली ओढून घेतात, हे आता शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण असा स्वच्छ, स्तब्ध दिवस आणि मासा वर नाही, असं ह्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि नेमकी त्याच दिवशी शकीलाची विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. वर्षातून एकदाच होणारी.

*

ह्यांना हे वेड कशाने लागलं ते सांगायला हवं.

सखीदाद फोटोग्राफर. लग्नाबिग्नाचे नव्हेत; पासपोर्ट कचेरीच्या गल्लीत एक खोलीभर दुकान, मागे निळा पडदा, पुढे स्टूल. ओळखपत्राला लागतात तेवढे फोटो. आयुष्यभर लोकांना सांगत आले, हनुवटी वर, डोळे उघडे, हसू नका. जे देश सोडून निघालेले असायचे त्यांना हसू नका म्हणायची गरजच पडायची नाही.

त्यांचा धाकटा भाऊ, यावर नाव त्याचं, डाळिंबाच्या रसाची गाडी लावायचा. एका वाऱ्याच्या दिवशी मासा खाली होता. सकाळी दुकान उघडताना सखीदादनी रिकामं आकाश पाहिलं होतं आणि चहावाल्याला म्हणालेसुद्धा होते, बरं झालं बाबा, आज आपल्याकडे कुणी बघत नाहीये. दुपारी यावरच्या गाडीजवळ, गर्दीत, बॉम्ब फुटला. यावरला आम्ही ओळखलं ते त्याच्या बोटांवरून. डाळिंबाने काळी पडलेली होती, दुसऱ्या कुणाची तशी नव्हती.

यावरचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी जिन्यातून हाक दिली, कॅमेरा घेऊन वर आले आणि माशाचा फोटो काढला. मग तो मोठा करून पाहिला, दोर ताणलेला आहे ना, पोटाखालचं यंत्र जागेवर आहे ना. आणि म्हणाले, "आहे."

"अहो, एवढं धूड डोक्यावर आहे, ते दिसत नाही? फोटो कशाला?"

"डोळ्यांना काय, जे हवं ते दिसतं. फोटोत असला तर आहे."

त्यानंतर रोज सकाळी. ते 'आहे' म्हणाले की शकीलाने दप्तर उचलायचं. 'नाही' म्हणाले की ती घरात. वाऱ्याच्या दिवसांत पोरीची शाळा इतकी बुडायची, की बाईंनी बोलावून विचारलं, मुलगी आजारी असते का. मी काय सांगणार? म्हटलं, छातीचा विकार आहे. कुणाच्या छातीचा ते सांगितलं नाही.

मासा वर असतानाही स्फोट झाले होते. एकदा नव्हे, कितीदा तरी. हे मी त्यांना फक्त एकदाच बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे तो विषय काढला नाही. बुडणाऱ्याच्या हातातली काठी किडकी आहे, हे मी कशाला सांगत बसू?

हाजी कुर्बान शेजारी नवीन राहायला आला तेव्हा त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्याने पाहिलं ते एवढंच, की शेजारचा माणूस रोज छतावर येतो आणि त्याच्या बायको-सुनांच्या डोक्यावरून कॅमेरा रोखतो. तो भर गल्लीत कुदळीचा दांडा घेऊन उभा राहिला.

"बाहेर ये रे बेशरमा! माझ्या घरच्या बायांचे फोटो काढतोस?"

सखीदाद बाहेर गेले आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. हाजी बटण दाबत गेला. फुगा. फुगा. ढगातला फुगा. फुगा. अर्धी गल्ली त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. बराच वेळ दाबून दाबून त्याचा अंगठा दमला.

"सगळे हेच?" त्याने विचारलं.

"सगळे."

"एकाच फुग्याचे?"

"एकच तर आहे."

हाजीने कॅमेरा परत दिला आणि माझ्याकडे, दाराच्या फटीकडे, बघून म्हणाला, "वहिनी, माफ करा. मला वाटलं बदमाश आहे. हा तर आजारी आहे." आणि गंमत अशी, की महिन्याभराने तोच हाजी रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारायला लागला, "सखीदाद, आज मासा वर आहे का? बाजारात जावं म्हणतो." मग रोटीवाला विचारू लागला. मग ज्यांच्याकडे लग्न असेल ते. ह्या माणसाची भीती सर्दीसारखी अख्ख्या गल्लीला लागली. मलासुद्धा.

*

खाली शकीला तयार होऊन बसली होती. काळा झगा, पांढरा रुमाल, दोन पेन्सिली, परीक्षेचं कार्ड. कार्डावरचा फोटो ह्यांनीच काढलेला. दुकानात निळ्या पडद्यापुढे ती सारखी हसत होती आणि हे सारखे ओरडत होते, हसू नको, कागद वाया जातोय. शेवटी जो लागला त्यातही ती हसतेच आहे, फक्त ओठ मिटलेले आहेत.

मी तिच्यापुढे टोमॅटोतली अंडी ठेवली. सखीदाद जिना उतरले आणि बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यात जाऊन बसले. दोन्ही हात चौकटीच्या दोन बाजूंना. शकीलाने माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याकडे पाहिलं.

"बाबा, मासा वर नाहीये का?"

"नाही."

"वारा असेल वरती."

"वारा नाही. तेच तर."

"मग दुरुस्ती चालू असेल. फाटला असेल कुठे. शिवत बसले असतील."

"पुढच्या वर्षी दे परीक्षा."

पोरीने नान ताटलीत ठेवला. "पुढच्या वर्षी मासा वर असेल असं कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"शकीला जान, हजारो पोरं एका फाटकाशी उभी राहतील. बॉम्ब लावणाऱ्यांना ते हवंच असतं. गर्दी, रांग, वह्या. मी तुझ्या काकाला..." त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हातात धरली.

"मला माहितीये बाबा."

"तुला काय माहितीये!" ते ओरडले. आमच्या घरात ते कधी ओरडत नसत. "तुला माहिती नाही. तुला मी बघू दिलं नव्हतं."

भिंतीपलीकडून गुलअंदामचा आवाज आला, "भाऊ, आमच्या ह्यांना दुकानात पाठवू का नको आज?"

कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने पलीकडे हाजी खेकसला, "नाही म्हणतोय तो, ऐकू येत नाही का? चहा टाक!"

शकीला रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. ती उठून ह्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी लहानपणापासून तुमच्या 'नाही'ला घरी बसले. एकदाही हट्ट केला नाही. डॉक्टर व्हायचंय मला. त्या दिवशी काकाला उचलून नेलं तेव्हा तिथे हात लावायला बाई डॉक्टर नव्हती, पुरुष डॉक्टर नव्हता, कोणीच नव्हतं, असं तुम्हीच सांगता ना? मग मला जाऊ द्या."

ह्यांनी दोन्ही हात पुन्हा चौकटीला लावले.

मी घाबरले नव्हते असं कुणी समजू नये. ज्या माशाला मी रोज शिव्या घातल्या, तो आत्ता, ह्या क्षणी, वर दिसावा म्हणून मी मनातल्या मनात नवस बोलत होते. पण मला एक गोष्ट दिसत होती. ती आज घरात राहिली, की उद्याही राहणार, परवाही. आणि तिच्या बापाची भीती मग तिचीच होऊन बसणार, जशी माझी झाली होती. मी हात धुतले, फडताळातून कुराण काढलं, त्याचं रेशमी वेष्टन सोडलं आणि दाराशी जाऊन ते दोन्ही हातांनी उंच धरलं. घराबाहेर निघणारा त्याच्या खालून गेला की सुखरूप परततो, असं आमच्याकडे मानतात.

"चल," मी शकीलाला म्हटलं. "खालून जा."

"मासूमा," हे म्हणाले. नुसतं नाव. त्यात विनवणी होती, धमकी होती, काय नव्हतं!

"माझे हात दुखतायत," मी म्हटलं. "कुराण किती वेळ धरायला लावता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर धरलेल्या कुराणाकडे पाहिलं. आणि उठले. उंबरा मोकळा झाला. शकीला वाकून कुराणाखालून गेली, त्याला ओठ लावले, बाहेर पडली. ह्यांनी खुंटीवरचा कॅमेरा गळ्यात अडकवला.

"तुम्ही कुठे?"

"तिच्याबरोबर."

ते वाकले आणि कुराणाखालून तेही गेले. मी तांब्या भरून आणला आणि दोघांच्या मागे रस्त्यावर पाणी ओतलं. पाण्यासारखे गेलेत तसे पाण्यासारखे परत या. पाणी उतारावरून त्यांच्या मागे थोडं धावलं आणि मातीत जिरलं.

*

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. भांडी घासली असतील. तीच पुन्हा घासली असतील. फोनचा उपयोग नव्हता, परीक्षेच्या जागी फोन आत नेऊ देत नाहीत आणि ह्यांनी आपला कोनाड्यातच विसरला होता. तो वाजला तेव्हा मी हातातलं भांडं टाकून धावले. कुणीतरी विचारत होतं, दुकान आज बंद का.

शेवटी मी छतावर गेले. पन्हळीजवळच्या फुटक्या विटेवर, ते उभे राहतात तिथे उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्या कोपऱ्यातून एकदाही बघितलं नव्हतं. तिथून कळलं, त्यांना त्या जागेवरून कुणाचंच छत दिसत नसे. हाजीच्या धुराड्याने एक बाजू झाकलेली, आमच्या पाण्याच्या टाकीने दुसरी. मधे नुसती आकाशाची एक फट, आणि त्या फटीत किल्ल्याची बाजू. त्यांनी ती जागा शोधून काढली होती. कुणाला कधी सांगितलं नव्हतं, दांडा घेऊन आलेल्या हाजीलासुद्धा नाही.

मी त्या फटीत बघत राहिले. येऊ दे, मी म्हणत होते. मेल्या, एरवी न बोलावता येतोस, आज बोलावतेय तर ये. बघ हवं तर. माझे केस बघ, माझे कपडे बघ, काय हवं ते बघ, पण वर ये.

आणि तेवढ्यात धप्प झालं.

फार मोठं नाही. लांबचं. छातीत आधी लागलं आणि कानाला मग ऐकू आलं. हाजीच्या छतावरची कबुतरं एकदम उडाली. मी खाली बसले. जिकडेतिकडे छतांवर बायका आल्या, कुणाच्या डोक्यावर चादर होती, कुणाच्या नव्हती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सगळ्या धूर शोधत होत्या.

गुलअंदाम आमच्या मधली बुटकी भिंत ओलांडून आली. एवढी जाड बाई, कशी आली देव जाणे. तिने माझं डोकं पोटाशी धरलं.

"ती बाजू नाही ग. विद्यापीठ ते तिकडे. हे इकडून आलं."

"तुला काय कळतं कुठून आलं ते?"

"कळतं मला. खाणीतला सुरुंग आहे. दगड फोडतायत."

"आज कोण दगड फोडतं?"

"फोडतात! रोज फोडतात!" ती रडत रडत ओरडत होती. "रोज फोडतात, आपण ऐकत नाही एवढंच!"

धूर कुठेच दिसला नाही. तरी आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. खाली हाजी अंगणात येरझाऱ्या घालत होता, मधेच थांबून वर विचारायचा, "दिसतंय का काही?" आम्ही नाही म्हणायचो. त्याने वर यायची हाक मात्र दिली नाही. त्या दिवशी वर यायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी शकीलाचा पांढरा रुमाल दिसला. आणि मागे, धुळीने माखलेले, हे. मी जिना कशी उतरले ते पायांनाच ठाऊक.

शकीला दारातूनच हसत सुटली होती. "आई, बाबांना पोलिसांनी पकडलं होतं!"

"काय?"

"मी बाहेर आले तर बाबा फाटकासमोर दोन पोलिसांच्या मधे! सबंध वेळ आकाशाचे फोटो काढत होते म्हणे. पोलिसाने कॅमेरा बघितला. त्यात काहीच नाही. निळं, निळं, निळं. तो म्हणतो, हे कसले फोटो? बाबा म्हणतात, इथे मासा असतो. तो म्हणतो, कुठेय? बाबा म्हणतात, आज नाहीये, मी सांभाळतोय."

"असं म्हणालात?" मी विचारलं.

सखीदाद पायरीवर बसून बूट काढत होते. बूट निघेना. मी खाली बसून त्यांचे बूट काढले. दिवसभरात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. निघताना मी बांधून दिलेल्या बोलाण्या, बटाटा भरलेल्या रोट्या, फडक्यात तशाच होत्या.

"पेपर कसा गेला ते विचार तिला," ते म्हणाले.

*

मासा पुन्हा कधी वर आला नाही. आठवडाभर गल्ली ह्यांना विचारत राहिली. मग कळलं, परदेशी फौजेने निघायची बांधाबांध सुरू केली होती आणि मासाही तिने गुंडाळला होता. आम्ही त्या एका दिवशी जिवाच्या आकांताने भ्यालो, आणि तिकडे कुणीतरी शांतपणे सामान भरत होतं.

तरी ह्यांचं रोज सकाळी वर जाणं सुटलं नाही. हाक, खोळंबा, फुटकी वीट, फोटो. "नाही," म्हणायचे आणि खाली यायचे. पण आता त्या 'नाही'ला ते शकीलाला अडवत नव्हते. परीक्षेच्या दिवसाने तेवढं केलं होतं. निकाल लागला. वैद्यकीला तिचा नंबर लागला. हाजीने गल्लीभर मिठाई वाटली, स्वतःची पोरगी असल्यासारखी.

मग परदेशी फौज गेली आणि तिच्याशी लढत आलेल्यांचं राज्य आलं. त्या दिवसांत शहरात घरोघरी चुली पेटल्या होत्या आणि त्यात कागद, फोटो जळत होते. फुग्याचे एवढे फोटो ज्याच्या घरात सापडतील त्याचं काय होईल, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. एका दुपारी दार लावून आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, सगळे एकदम पुसा. एक बटण असतं ना? ते म्हणाले, असतं. आणि एकेक करून पुसत बसले. प्रत्येक फोटो बघायचे, मग पुसायचे. त्यात एक होता. शकीला सहा-सात वर्षांची, छतावर, हात उंच धरलेला, मूठ मिटलेली, आणि वर मासा असा नेमका, की पोरीनेच दोर धरलाय असं वाटावं. हसतेय, पुढचे दात पडलेले.

"एवढा राहू दे," मी म्हटलं.

"ह्यात दोघं आहेत," ते म्हणाले. "ती आणि तो." आणि तोही पुसला.

शकीला काही महिने कॉलेजला गेली. अंगभर काळं, डोळे तेवढे उघडे, पण गेली. मी रोज कुराण धरायचे, रोज पाणी ओतायचे. मग हिवाळ्यातल्या एका सकाळी ती गेली आणि चहा निवायच्या आत परत आली. दप्तर खाली ठेवलं. फाटकावर शिपाई उभे होते, मुलींना आत सोडत नव्हते. आता कधीच सोडणार नव्हते. एवढंच सांगितलं आणि चूल फुंकायला बसली.

धूर नाही, आवाज नाही. कबुतरंसुद्धा उडाली नाहीत. सखीदाद भिंतीला टेकून बसले होते. इतकी वर्षं ते ज्याची वाट अडवून बसले, ते हे नव्हतंच. हे पायी आलं, फाटकाशी उभं राहिलं आणि नाही म्हणालं. मासा वर असता तरी त्याला ह्यात काय दिसलं असतं?

आता शकीला दिवसभर छतावर असते. गुलअंदामची नातवंडं तिच्याकडे शिकायला येतात, पोरं गेली की मग ती एकटीच बसते, त्या फुटक्या विटेवर. वर आता कुणाचा डोळा नाही. आम्ही बायका उघड्या डोक्याने बसतो, उन्हाळ्यात झोपतोही. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मला ते नकोसं झालंय.

सखीदाद कॅमेरा घेऊन वर येत नाहीत. कॅमेरा दुकानातच असतो. बायकांचे फोटो काढायला बंदी झाल्यापासून दुकानही अर्धंच चालतं. पण संध्याकाळी घरी आले की चहाचा पेला घेऊन ते जिना चढतात. लेकीसाठी. मधल्या पायरीवर थांबतात. वर दुसरं कुणी नसतं, हे त्यांना माहीत असतं. स्वतःच्या मुलीला कुणी हाक देऊन वर जात नाही. तरी ते देतात, पूर्वीपेक्षा मोठ्याने.

"वर येतोय हो! छतावर येतोय!"

आणि मग तिथेच उभे राहतात, हातातला चहा निवेपर्यंत, तिचे डोळे पुसून व्हायला वेळ मिळावा म्हणून.